अनाहूत रक्षक

शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड नामक क्रीडांगणाच्या पश्चिमेकडील प्रेक्षकसज्जाखाली, एरवी जेथे चेंडू-रॅकेटचा खेळ चालत असे अशा एका बंदिस्त दालनात, २ डिसेंबर १९४२ रोजी सकाळपासून एन्रिको फर्मी आणि त्यांचे सहकारी ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांची व युरेनियमची जी भली थोरली रास रचून उभे होते, तिच्यात अणुविभाजनाची शृंखला स्वबळावर चालू शकते की नाही याचा निर्णय त्या दिवशी लागावयाचा होता. पूर्वी कोणीही न पाहिलेली ही शक्ती हाताबाहेर गेली तर काय, या शंकेपोटी तेथे केलेला बंदोबस्त आज वाचताना काहीसा गमतीचा वाटतो. परंतु त्यामागील विचार आजच्या अणुवीजकेंद्रांतही जसाच्या तसा कायम आहे. न्यूट्रॉन शोषून घेणारी, कॅडमियमयुक्त अशी एक सळी प्रारणांची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच आपोआप राशीत शिरावी अशी योजना होती. दुसरी सळी दोराने सज्जाला बांधून ठेवली होती आणि वेळ येताच तो दोर तोडण्यासाठी नॉर्मन हिलबेरी हे पदार्थविज्ञानाचे पंडित हातात कुऱ्हाड घेऊन उभे होते. आणि हेही फसलेच तर राशीवर कॅडमियमच्या क्षाराचे पाणी ओतण्यासाठी तीन तरुण माणसे वर चढून बसली होती.

साडेअकराचा सुमार होता. मापकयंत्रांची टिकटिक वाढत चालली होती, सर्वांचे श्वास रोखले गेले होते, आणि अशा वेळी एकदम मोठा आवाज होऊन स्वयंचलित सळी धाडकन आत जाऊन बसली. चौकशीअंती निष्पन्न झाले ते इतकेच की, ज्या मर्यादेला त्या सळीने हालचाल करावयाची ती मर्यादाच फार खाली ठेवली गेली होती. धोका असा काही उद्भवलेलाच नव्हता. फर्मींनी आपल्याला भूक लागल्याचे सांगून मंडळींना जेवावयास नेले, आणि जेवणानंतर परत येऊन साडेतीनच्या सुमारास त्यांनी ती शृंखला प्रत्यक्ष चालू करून दाखविली. अणुयुगाचा आरंभ व्हावयाच्या सुमारे चार तास आधीच जगातील पहिल्या अणुभट्टीच्या संरक्षक साधनाने अकारण काम बजावले होते, ही गोष्ट इतिहासग्रंथांत बहुधा केवळ चुटक्यादाखल येते. वास्तविक पुढील सर्व अणुवीजकेंद्रांच्या दप्तरांत जो एक प्रश्न वर्षानुवर्षे घोळत राहिला त्याचे ते पहिले प्रकरण होय.

अणुवीजकेंद्रातील संरक्षक साधनांचे कार्य मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिले, शृंखला-विक्रिया तत्काळ थांबविणे. नियंत्रक सळ्या अणुभट्टीच्या गाभ्यात सोडल्या की हे काम काही सेकंदांतच उरकते. दुसरे काम मात्र अधिक चिवट आहे, कारण विभाजन थांबले तरी विभाजनातून निर्माण झालेली किरणोत्सारी मूलद्रव्ये क्षय पावतच राहतात आणि त्यांच्या क्षयाची उष्णता बंद पडलेल्या भट्टीतही निघतच राहते. बंद होण्याच्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते आणि पुढे उतरत जाते. टक्केवारी लहान दिसली तरी मूळ आकडाच एवढा मोठा असतो की ही उष्णता पाण्याने वाहून नेली नाही तर गाभा वितळावयास काही तास पुरतात. यासाठी आणीबाणीचे पंप, बोरॉन मिसळलेल्या पाण्याच्या टाक्या, डिझेलवर चालणारी विद्युत्जनित्रे, नळ बंद करणाऱ्या झडपा असा मोठा सरंजाम सदैव सज्ज ठेवलेला असतो, आणि दाब, तापमान, पाण्याची पातळी, न्यूट्रॉनांचा प्रवाह यांवर अहोरात्र नजर ठेवणाऱ्या मापकांच्या इशाऱ्यासरशी तो माणसाच्या हुकमाची वाट न पाहता कामाला लागतो. हा सरंजाम एखाद्या दिवशी कोणी योजिलेले नसताना, चाचणीचा बेत नसताना, चालू झाला म्हणजे त्यास अनियोजित कार्यान्वयन असे म्हणतात. मग त्यामागे खरोखरीचा बिघाड असो, अथवा एखाद्या रिलेची, एखाद्या ढिल्या तारेची किंवा चुकीच्या पेटीवर पडलेल्या तंत्रज्ञाच्या हाताची करणी असो.

येथे एक मूळचा पेच आहे. संरक्षक यंत्रणा जितकी तत्पर करावी तितकी ती नसत्या वेळी उठण्याचा संभव वाढतो, आणि नसत्या वेळी उठू नये म्हणून तिला जितकी सोशिक करावी तितकी ती खऱ्या वेळी झोपून राहण्याची भीती वाढते. यावर अभियंत्यांनी जी तोड काढली ती आपल्याकडच्या पंचायतीच्या शिरस्त्यासारखी आहे: दाब वा तापमान अशा एकाच गोष्टीवर तीन वा चार स्वतंत्र मापक नेमावयाचे आणि त्यांपैकी किमान दोघांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय अंमलात आणावयाचा नाही. एक मापक बिघडून खोटी साक्ष देऊ लागला तरी भट्टी बंद पडत नाही, आणि एक मापक मुका झाला तरी उरलेले दोघे काम भागवतात. शिवाय यंत्रणेची रचनाच अशी की, वीजपुरवठा तुटला तर सळ्या धरून ठेवणारी विद्युत्चुंबके सुटतात आणि सळ्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात. अर्थात बिघाडाचा कल सुरक्षिततेकडेच वळविलेला असतो. या दुसऱ्या गुणामुळे निष्कारण बंद पडण्याचे प्रसंग काहीसे वाढतात हे खरे, पण ती किंमत जाणूनबुजून पत्करलेली आहे.

ती किंमत मात्र शून्य नव्हे, हे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या रँचो सेको येथील केंद्रात २० मार्च १९७८ रोजी दिसून आले. नियंत्रण कक्षातील एका बटनामागचा लहानसा दिवा गेला होता. तो बदलत असताना ऑपरेटरच्या हातून दिवा निसटून बटनाच्या उघड्या पोकळीत पडला, तेथे शॉर्ट सर्किट झाले, आणि मापकयंत्रांना वीज देणाऱ्या संचाचा मोठा भाग एकाएकी निकामी झाला. काट्यांपैकी कोणता खरा बोलतो आणि कोणता खोटा, हे कळावयास मार्ग उरला नाही. खोट्या संकेतांवर विसंबून स्वयंचलित नियंत्रणाने बाष्पजनकांचे, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ बनविणाऱ्या पात्रांचे, पाणी आधी तोडले, भट्टी बंद पडली, आणि नंतर तेथे थंड पाणी इतके लोटले गेले की अणुभट्टीतील पाणी झपाट्याने निवू लागले. दाब घसरताच आणीबाणीचे पंप आपोआप सुरू होऊन त्यांनी त्यात आणखी थंड पाण्याची भर घातली. सुमारे एका तासात तापमान जवळजवळ १६५ अंश सेल्सियसने उतरले, जेथे ताशी ५५ अंशांहून अधिक उतार नियमाने निषिद्ध होता. पोलादाचे जाड पात्र वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसून ठिसूळ होत गेलेले असते. ते आत दाब भरपूर असताना एकदम थंड पडले तर त्याला तडा जाण्याचा संभव असतो. रँचो सेकोचे पात्र अद्याप जुने झालेले नव्हते म्हणून निभावले. परंतु जे पाणी गाभ्याच्या रक्षणासाठी राखून ठेवलेले, तेच पाणी अवेळी व अमर्याद आले तर पात्राला अपाय करू शकते, ही जाणीव त्या दिव्याने करून दिली, आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने या औष्णिक धक्क्याविषयी स्वतंत्र नियमच जारी केला.

आता जो वृत्तांत सांगावयाचा तो याच्या नेमका उलट आहे, आणि या विषयाचा गाभा माझ्या मते तेथेच आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात हॅरिसबर्ग शहराच्या खालच्या बाजूस, सस्क्वेहॅना नदीतील थ्री माईल आयलंड नावाच्या बेटावर दोन अणुभट्ट्या होत्या. त्यांपैकी दुसरी तर व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागून जेमतेम तीन महिने झाले होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास काही कर्मचारी पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांतील राळेचा तुंबारा मोकळा करीत असता बाष्पजनकांना पाणी पुरविणारे पंप बंद पडले, पाठोपाठ टर्बाइन बंद पडले, भट्टीतील दाब वाढला, दाब सोडण्याची झडप उघडली आणि आठव्या सेकंदाला नियंत्रक सळ्या खाली पडून शृंखला थांबली. येथपर्यंत सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले. दाब उतरताच ती झडप मिटावयास हवी होती, ती मिटली नाही. आणि नियंत्रण कक्षातील तिचा दिवा मात्र विझला, कारण तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नसून तिला बंद होण्याचा विद्युत्संकेत गेला की नाही एवढेच दाखवीत असे. चीड आणणारी गोष्ट अशी की, हा दिवा बसविला गेला होता तोच वर्षापूर्वी तीच झडप अशीच उघडी राहिल्याचा प्रकार घडला होता म्हणून.

झडपेतून भट्टीचे पाणी वाहून जाऊ लागले, दाब घसरत चालला, आणि दोन मिनिटांच्या आसपास उच्चदाबाचे आणीबाणीचे पंप कोणीही कळ न दाबता चालू होऊन मिनिटाला हजार गॅलनांच्या, म्हणजे सुमारे ३८०० लिटरांच्या, वेगाने आत पाणी ढकलू लागले. यंत्राचे निदान अगदी अचूक होते: पाणी जात आहे, पाणी घाला. नियंत्रण कक्षातील माणसांना मात्र निराळेच दिसत होते. भट्टीशी जोडलेली जी दाबनियंत्रक टाकी असते, तिच्या वरच्या भागात वाफेची उशी ठेवलेली असते आणि त्या उशीच्या बळावर साऱ्या मंडलाचा दाब सांभाळला जातो. ही टाकी काठोकाठ पाण्याने भरली तर उशी नाहीशी होते आणि पाण्याच्या लहानशा हालचालीनेही नळांना हादरे बसू शकतात. टाकी भरू देऊ नका, हा उपदेश त्यांच्या मनावर इतका बिंबविलेला होता की तो त्यांना इतर कोणत्याही नियमाहून वरचढ वाटे. त्यांच्यापैकी अनेकांची पहिली तालीम अमेरिकन आरमारातील अणुपाणबुड्यांवर झालेली, जेथील भट्ट्या लहान आणि जेथे हा उपदेश सार्थही असेल. त्या पहाटे टाकीतील पातळी वर वर चढत होती. उघडी झडप या टाकीच्याच माथ्यावर असल्यामुळे तेथून वाफ निघून जात होती आणि खाली भट्टीत पाण्याला उकळी फुटून झालेले बुडबुडे पाण्याला वर टाकीकडे लोटीत होते, म्हणून टाकी भरत होती. भट्टी भरलेली होती म्हणून नव्हे. गाभ्यातील पाण्याची पातळी प्रत्यक्ष दाखविणारे उपकरण तेथे नव्हतेच.

साडेचार मिनिटांच्या सुमारास त्यांनी आणीबाणीचा एक पंप बंद केला आणि दुसऱ्याचा ओघ कमी करीत करीत मिनिटाला शंभर गॅलनांच्याही खाली आणला. त्याच अवधीत शंभराहून अधिक धोक्याच्या घंटा व दिवे एकाच वेळी बोंबलत होते, आणि घटनांची नोंद छापणारे यंत्र मागे पडत पडत पुढे तासाहून अधिक काळाची उधारी करून बसले. दुसरीकडे बाष्पजनकांसाठीचे आणीबाणीचे पाणीही अडलेले होते, कारण दोन दिवसांपूर्वीच्या चाचणीनंतर दोन झडपा बंदच राहून गेल्या होत्या आणि त्यांच्यापैकी एकीचा सूचक दिवा दुरुस्तीच्या पिवळ्या चिठ्ठीने झाकला गेला होता. आठव्या मिनिटाला ही चूक कोणाच्या तरी लक्षात आली व पाणी सुरू झाले. परंतु मुख्य गळती चालूच होती. दोन तास बावीस मिनिटांनी, पाळी बदलताना ताज्या नजरेने आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून, गळक्या झडपेच्या मागची अडवणारी झडप बंद करण्यात आली. तोवर गाभ्याचा वरचा भाग उघडा पडून तापत गेला होता. पात्राचे झाकण काढून आत कॅमेरा सोडावयास पुढे वर्षे लागली, आणि तेव्हा कोठे निम्मा गाभा वितळल्याचे उघडकीस आले.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जो चौकशी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष डार्टमथ महाविद्यालयाचे प्रमुख जॉन केमेनी हे गणिती होते. संगणकाची बेसिक ही भाषा रचणाऱ्यांपैकी ते एक. आयोगाने ऑक्टोबर १९७९ मध्ये सादर केलेल्या अहवालात जो निष्कर्ष स्पष्टपणे नोंदविला तो असा की, आरंभीच्या काळात आणीबाणीचे पंप चालू राहू दिले असते तर हा अपघात एका किरकोळ प्रसंगापलीकडे गेला नसता. मात्र केमेनींनी दोषाचे सगळे ओझे पाळीवरच्या माणसांवर टाकले नाही, हे त्यांच्या न्यायबुद्धीस शोभण्यासारखेच झाले. कारण ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात २४ सप्टेंबर १९७७ रोजी हीच झडप अशीच उघडी राहिली होती, तेथील ऑपरेटरांनीही टाकी भरते आहे असे पाहून हेच पंप असेच बंद केले होते, आणि केवळ भट्टी पूर्ण क्षमतेच्या नऊ टक्क्यांवरच चालत होती व वीस-बावीस मिनिटांत झडपेचे गुपित उकलले म्हणून तेथे अनर्थ टळला. भट्टी बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी यानंतर लेखी इशारे दिले होते की ऑपरेटरांना याबाबत स्पष्ट सूचना न दिल्यास एखाद्या दिवशी गाभा उघडा पडेल. ते कागद कंपनीच्या खात्याखात्यांतून फिरत राहिले आणि केंद्रांपर्यंत पोचलेच नाहीत.

थ्री माईल आयलंडवर आणीबाणीचे पंप त्यापूर्वीही चालू झालेले होते, आणि त्या प्रसंगांतून गाभ्याला काही झाले नव्हते, हे विसरून चालणार नाही. यंत्र उठते, आपण पाहतो, टाकी भरू लागली की पंप आवरतो, आणि वीज पुन्हा सुरू होते: माणसाचे शरीर आणि मन ज्या गोष्टी पुनरावृत्तीने शिकते त्या नियमपुस्तकाने सहसा जात नाहीत. म्हणून अनियोजित कार्यान्वयनाचा खरा तोटा मी वितळलेल्या वा तडकलेल्या पोलादात शोधत नाही. जे साधन अंगावर येईल तेव्हा ते खरे बोलत आहे असे मानून चालावे, की त्याची नेहमीची खोड म्हणून सोडून द्यावे, या निर्णयाचा कल नियंत्रण कक्षातील माणसाच्या मनात प्रत्येक निष्कारण प्रसंगागणिक थोडा थोडा बदलत जातो, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. ते कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

उलटीही एक बाजू आहे, आणि न्यू जर्सी राज्यात डेलावेअर नदीच्या मुखाजवळील सेलम केंद्राने ती दोनदा, अकरा वर्षांच्या अंतराने, दाखविली. २५ फेब्रुवारी १९८३ रोजी तेथील पहिल्या भट्टीत बाष्पजनकाची पातळी घसरल्यामुळे बंद होण्याचा संकेत यथायोग्य निघाला, परंतु सळ्यांचा वीजपुरवठा तोडणारे दोन्ही विद्युत्खंडक जागचे हललेच नाहीत. अर्ध्या मिनिटाच्या आत ऑपरेटरने हाताने भट्टी बंद केली. तपास सुरू होऊन संगणकाची नोंदपट्टी चाळली तेव्हा असे आढळले की, तीनच दिवसांपूर्वी, २२ फेब्रुवारीलाही, नेमके हेच झाले होते. पण त्या दिवशी ऑपरेटरने स्वतःच तत्परतेने कळ फिरविल्यामुळे यंत्राने दगा दिल्याचे कोणाच्या ध्यानीमनीही आले नव्हते. माणसाच्या दक्षतेने यंत्राचा कसूर झाकला जावा हा विलक्षण योग म्हटला पाहिजे. खंडकांच्या आतील एका खटक्याची निगा राखली गेली नव्हती, एवढे लहान कारण निघाले. परिणाम मात्र मोठा झाला. भट्टी का बंद पडली आणि प्रत्येक साधनाने त्या वेळी नेमके काय केले, याची छाननी पूर्ण होऊन कारण समजल्याखेरीज ती पुन्हा सुरू करू नये, असा दंडक त्याच साली नियामक आयोगाने सर्व केंद्रांना घालून दिला.

त्याच सेलममध्ये ७ एप्रिल १९९४ रोजी जे घडले त्यात नदीतील गवताचा मोठा वाटा होता. वसंतात डेलावेअरच्या खाजणांतून वाहून येणारे कुजके गवत केंद्राच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर साचले, शीतलीकरणाचे पंप एकामागून एक बंद पडू लागले, आणि पाळीवरच्या मंडळींनी घाईघाईने वीजनिर्मिती उतरवली. ती इतकी उतरली की पाण्याचे तापमान नियमातील किमानाखाली गेले, ते वर आणण्यासाठी सळ्या बाहेर ओढण्यात आल्या, आणि सुमारे सात टक्क्यांवरून पंचवीस टक्क्यांवर झेप घेताच भट्टी आपोआप बंद झाली. टर्बाइनच्या झडपा मिटताना वाफेच्या नळात क्षणभर दाबाची लाट उसळली; मापकांना तो वाफेचा अतिरिक्त ओघ भासला, तापमान आधीच खाली होते, आणि दोन्ही खुणा एकत्र येताच आणीबाणीच्या पाण्याचा हुकूम सुटला. परंतु लाट इतकी अल्पजीवी होती की संरक्षणाच्या दोन स्वतंत्र शाखांपैकी एकीनेच तो हुकूम ऐकला व दुसरीला तो ऐकूच आला नाही. निम्मे पंप चालू, निम्म्या झडपा जागच्या जागी, अशा स्थितीचा उलगडा करून हातांनी एकेक झडप योग्य जागी आणीपर्यंत दाबनियंत्रक टाकी काठोकाठ भरली, आणि दाब सोडण्याच्या दोन झडपा मिळून तीनशेहून अधिक वेळा उघडल्या-मिटल्या. पुढे दाब पुन्हा घसरून दुसऱ्यांदाही आणीबाणीचे पाणी सोडले गेले. त्या झडपा प्रत्येक वेळी नीट मिटल्या. थ्री माईल आयलंडची आठवण ज्यांना होती त्यांना त्या दुपारी याहून अधिक काही मागावयाचे नव्हते. गाभ्याला इजा झाली नाही, बाहेर किरणोत्सार पसरला नाही, तथापि केंद्राने सावधानतेची रीतसर घोषणा केली आणि नियामकांचे विशेष पथक तपासाला येऊन बसले.

अमेरिकेतील नियम आता या प्रकारांची प्रतवारी करतो. चालू भट्टी अनियोजितपणे बंद पडली तर चार तासांच्या आत नियामक आयोगाला कळवावे लागते. खऱ्या कारणाने इतर बहुतेक संरक्षक साधने जागी झाली तर आठ तासांत. आणि संकेतच खोटा होता असे सिद्ध झाले तर मोठ्या लेखी अहवालाऐवजी साठ दिवसांच्या आत दूरध्वनीवरून दिलेली माहितीही चालते. दर सात हजार तासांच्या चालनामागे किती वेळा भट्टी अनपेक्षित बंद पडली याचा हिशेब ठेवला जातो, आणि तो आकडा तीनच्या वर गेला की केंद्रावरची देखरेख कडक होते. सात हजार तास म्हणजे साधारण एका वर्षाचे काम. १९८० च्या आसपास अमेरिकेतील सरासरी भट्टी वर्षाकाठी अनेकदा अशी बंद पडे. आज ही सरासरी एकाच्याही खाली आलेली आहे. ही सुधारणा मर्यादा सैल करून झालेली नाही, तर रिलेपासून पाण्याच्या पंपापर्यंत सामान्य, बिगर-अणू साधनांची निगा नीट राखल्याने झाली आहे; सळ्यांना खाली पाडणारे कारण बहुतेक वेळा टर्बाइनच्या इमारतीतच जन्मलेले असते.

आपल्याकडे पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ पासून उकळत्या पाण्याच्या दोन भट्ट्या आहेत, आणि २००५ व २००६ साली त्यांच्या शेजारी जड पाण्यावर चालणाऱ्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या कामाला लागल्या. या नव्या जोडीत शृंखला थांबविणारी दोन साधने परस्परांपासून संपूर्ण स्वतंत्र ठेवलेली आहेत: एक कॅडमियमच्या सळ्यांचे, दुसरे गॅडोलिनियमचा क्षार विरघळवलेले द्रव जड पाण्यात थेट टोचण्याचे. दोहोंचे मापक वेगळे, तारा वेगळ्या, आणि प्रत्येकात तिघांपैकी दोघांच्या एकमताचा तोच शिरस्ता. या जोडीप्रमाणे ज्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम वापरले जाते तिच्यात न्यूट्रॉनांची शिल्लक मुळातच बेताची असते, आणि त्यामुळे तेथे अकारण बंद पडण्याची किंमत एका निराळ्याच वाटेने वसूल केली जाते. विभाजनातून आयोडिन-१३५ निर्माण होते, त्याचे साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने झेनॉन-१३५ बनते, आणि हे झेनॉन न्यूट्रॉनांचे असे भुकेले असते की चालू भट्टीत ते तयार होताच न्यूट्रॉन गिळून नाहीसे होत राहते. भट्टी बंद पडली म्हणजे गिळावयास न्यूट्रॉन उरत नाहीत, आयोडिनातून नवे झेनॉन मात्र येतच राहते, आणि त्याचा साठा वाढत जाऊन भट्टी पुन्हा सुरू होणेच अशक्य होते.

त्यामुळे पूर्ण क्षमतेवरून बंद पडलेल्या अशा भट्टीच्या ऑपरेटरजवळ सुमारे अर्ध्या तासाचा अवधी असतो. त्या अर्ध्या तासात संकेत खोटा होता हे निश्चित करून, कारण दूर करून, परवानगी घेऊन भट्टी पुन्हा चालू करता आली तर ठीक. एरवी झेनॉन आपल्या नऊ तासांच्या अर्धायुष्याने निवळेपर्यंत दीड दिवस तरी थांबावे लागते. ५४० मेगावॉटच्या हिशेबाने छत्तीस तासांत सुमारे १ कोटी ९४ लाख युनिट वीज बुडते, आणि गॅडोलिनियमचे द्रव आत गेले असेल तर ते राळेच्या गाळण्यांतून काढण्याचे काम वेगळेच. अर्धा तास हा सेलममध्ये ज्या छाननीची सक्ती झाली त्या छाननीला पुरेल इतका क्वचितच असतो. म्हणून अशा प्रसंगी घड्याळाशी शर्यत न लावता झेनॉन साचू देणे आणि मिळालेल्या दीड दिवसात मापकामापकाची, रिलेरिलेची नोंद काढून पाहणे, हाच मार्ग जाणते अभियंते पसंत करतात, मग त्यापायी मुंबईच्या भारनियंत्रण केंद्राकडून कितीही विचारणा होवो.